दोन लढवय्या आणि एक लांबलचक पत्र

के. आर्सेनॉल्ट रिव्हेरा यांची ‘द टायगर्स डॉटर’ (२०१७) ही फँटसी कादंबरी म्हणजे जवळजवळ सगळं एक पत्र आहे. राजवाड्यात एकट्या पडलेल्या सम्राज्ञी शिझुकाच्या हाती एक गठ्ठा येतो. पाठवणारी शेफाली, जिला तिनं कित्येक वर्षांत पाहिलेलंही नाही. त्यानंतरची पाचशेच्या आसपास पानं शेफाली तिला दोघींचं लहानपण, भांडणं, लढाया आणि प्रेम सांगत राहते. अधूनमधून आपण पत्र वाचणाऱ्या शिझुकाकडे परत येतो, तेवढाच विसावा.

जे शिझुका स्वतः जगली आहे तेच तिला पुन्हा कशाला सांगायचं, असा आक्षेप या मांडणीवर घेतला जातो. मला मात्र पुस्तकाचा जीव तिथेच आहे असं वाटतं. शेफाली धनुर्धारी आहे. मी कॉलेजात असताना धनुर्विद्या शिकले, आणि आमचे सर पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट बजावायचे: बाण नंतर, आधी बघायला शिक. शेफालीला ही नजर जन्मजात आहे. शिझुका तलवार उपसून पुढे घुसते, शेफाली मागून सगळं टिपत असते: समोरच्याचा खांदा, घोड्याचे कान, शिझुकाचा चेहरा. घडलं काय ते शिझुकाला ठाऊक आहे, पण त्या क्षणी ती कशी दिसत होती हे तिला कुठून कळणार? ते फक्त मागे उभी असलेली बाईच सांगू शकते. पत्रभर शेफाली तेच सांगते. प्रेमपत्र आणखी वेगळं काय असतं?

म्हणूनच ही जोडी मला पटली. तलवारवालीला पाठीवर लक्ष ठेवणारं कुणीतरी लागतं आणि धनुर्धारीला शत्रू अंगाशी भिडला तर आड येणारं कुणीतरी लागतं. दोघींपैकी कुणी दुर्बळ नाही, कुणी कुणाला वाचवायला जन्मलेली नाही. स्वभावही असेच परस्परांना पुरे पडणारे. शिझुका गर्विष्ठ, तापट, सुलेखनात निष्णात, स्वतःला देवांच्या बरोबरीची मानणारी. शेफाली अबोल. पहिल्याच भेटीत शिझुका तिच्या जिवावर उठते, तेव्हा दोघी जेमतेम तीन वर्षांच्या! तिथून मैत्री, आणि मैत्रीतून प्रेम इतकं सावकाश उमलतं की नेमकं कुठल्या पानावर ते घडलं हे मला दाखवता येणार नाही.

आयांबद्दल न लिहिता पुढे जाणं अन्याय होईल. शिझुकाची आई शिझुरू तलवारबाज, शेफालीची आई अल्शारा कोरिन टोळ्यांची प्रमुख. अल्शारानं मौनव्रत घेतलंय. ती हातांच्या खुणांनी हुकूम सोडते आणि माणसं थरथरतात. या दोघी जुन्या मैत्रिणी, त्यामुळे मुली शस्त्र घेऊन वाढतात यात कुणाला नवल वाटत नाही. याला इतिहासातही आधार सापडतो. बाराव्या शतकातल्या युद्धावरच्या जपानी कथेत तोमोए गोझेन ही लढवय्यी स्त्री आहे, तेराव्या शतकातली मंगोल राजकन्या खुतुलुन कुस्तीत पुरुषांना लोळवायची. रिव्हेरांचं होक्कारो साम्राज्य जपानवर बेतलंय आणि कोरिन लोक मंगोलांवर. गवताळ मैदानं, तंबू, आंबवलेलं घोडीचं दूध, घोड्यावरून तीरंदाजी हे सगळं त्यांनी मायेनं रंगवलंय. शिंगं, स्नायुतंतू आणि लाकूड जोडून केलेलं मंगोल धनुष्य आखूड असतं, त्यामुळे ते घोड्याच्या मानेवरून झटकन पलीकडे वळवता येतं. हे माहीत असेल तर शेफालीच्या प्रसंगांची मजा आणखी वाढते.

होक्कारोचं चित्र मात्र तितकं उतरलेलं नाही. दरबार, नावं, रीतिरिवाज ओळखीच्या जपानी गोष्टींतून उचलून ठेवल्यासारखे वाटतात आणि स्वतःचं असं फार थोडं त्यांत मिसळलंय. कोरिन लोकांना होक्कारोवाले ज्या हीन शब्दांत बोलतात ते सारखं कानावर पडतं. शेफालीचा बाप होक्कारोचा असल्यामुळे तिला दोन्हीकडून टोचणी आहे, म्हणून ते गरजेचं आहे हे समजतं, तरी त्रास होतो. मधला भाग रेंगाळतो. महाकाव्याच्या थाटाची युद्धं हवी असतील तर निराशा होईल. इथं सैन्यं कमी आणि दोघींचे एकत्र दिवस जास्त.

राक्षसांचा धागा सुरुवातीला मला उपरा वाटला होता. मग राक्षसाच्या काळ्या रक्ताची बाधा शेफालीलाच होते. हा रोग सहसा माणसाला काही दिवसांत संपवतो, तरीही ती जगते आणि बदलत जाते. हळूहळू परकं होत चाललेलं तिचं अंग आणि तरीही तिचा हात न सोडणारी शिझुका, ही पानं मी पुन्हा पुन्हा वाचली. दुखणाईत माणसावर प्रेम करणं किती थकवणारं आणि किती हट्टाचं काम असतं ते तिथं बारकाईनं आलंय.

पुढचे दोन भाग, ‘द फिनिक्स एम्प्रेस’ (२०१८) आणि ‘द वॉरियर मून’ (२०१९), क्रमानेच वाचा. दुसऱ्यात बोलायची पाळी शिझुकाची आहे आणि पहिल्या पत्रानंतर तिचं ऐकण्यात वेगळाच अर्थ येतो. सुरुवातीला नावांचा गोंधळ उडेल, तेव्हा दोन्ही घराण्यांची माणसं एका कागदावर लिहून पुस्तकात ठेवा. आणि घाईत असाल तर हे पुस्तक आत्ता उघडू नका, सलग काही संध्याकाळी मोकळ्या मिळतील तेव्हा घ्या.