मिरची-टोमॅटोचं रोप मान टाकतंय: पाणी थांबवायचं, खत द्यायचं की उपटायचं?

कुंडीतलं रोप पिवळं दिसलं की हात आधी खताच्या पिशवीकडे जातो, आणि वाचू शकणारी कितीतरी रोपं तिथेच दगावतात. मुळं कुजलेली असतील तर दिलेलं खत रोपाला घेता येत नाही. त्याचे क्षार मातीत साचतात आणि उरलीसुरली मुळंही करपून जातात. म्हणून आधी पाणी, मग मुळं, मग पानाची खालची बाजू आणि खताचा विचार सर्वांत शेवटी, हा क्रम मी आग्रहानं सांगेन.

तहान की पाण्याचा अतिरेक?

दोन्हींत रोप मलूल होतं, त्यामुळे फसगत इथेच जास्त. तहानलेल्या रोपाची कुंडी उचलली तर हलकी लागते, माती कडेपासून सुटलेली असते, पानं कोरडी होऊन कुरकुरतात. पोटभर पाणी दिलं की काही तासांत रोप ताठ होतं. जादा पाण्यानं बसलेल्या रोपाची माती मात्र ओलीच असते, खालची पानं पिवळी व मऊ पडतात, मातीला आंबूस वास येतो. मातीतल्या पोकळ्या पाण्यानं भरल्या की मुळांना ऑक्सिजन मिळत नाही आणि गुदमरलेली मुळं पाणीही ओढू शकत नाहीत. अशा रोपाला ‘सुकतंय बिचारं’ म्हणून आणखी तांब्याभर पाणी घातलं की ते हातचं गेलंच. आधी बोट दोन पेरं खुपसून पाहा. दुपारच्या उन्हात मान टाकून संध्याकाळी सावरणारं रोप बहुधा ठणठणीत असतं, त्याला काही करू नका.

शंका उरलीच तर कुंडी आडवी करून मातीचा गोळा अलगद बाहेर सरकवा. निरोगी मुळं पांढरट आणि चिवट असतात. कुजलेली तपकिरी, लिबलिबीत. चिमटीत धरून ओढलं तर मुळाची वरची साल मोज्यासारखी निसटते आणि आतला बारीक धागा तेवढा उरतो. निम्मी मुळं चांगली असतील तर रोप वाचवण्यासारखं आहे. कुजलेली कापून टाका, भुसभुशीत, निचऱ्याच्या मातीत आणि शक्यतो लहान कुंडीत लावा, पाण्याचा हात आखडता ठेवा. नवी पालवी फुटेपर्यंत खत नको.

पिवळेपणा खालून की शेंड्याकडून?

मुळं ठीक असतील तरच हा प्रश्न. नत्र (नायट्रोजन), मॅग्नेशियम आणि पालाश (पोटॅशियम) कमी पडलं की रोप ते जुन्या पानांतून काढून शेंड्याकडे पाठवतं, त्यामुळे खालची पानं आधी उतरतात. नत्राच्या कमतरतेत सगळं पान सारखं फिकटतं. मॅग्नेशियमच्या कमतरतेत शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा होतो. पालाश कमी असेल तर कडा करपतात. लोह रोपात असं सहज हलत नाही, म्हणून त्याची उणीव सर्वांत कोवळ्या पानांवर दिसते: पान पिवळं, शिरा हिरव्या. मात्र लोहाचं खत आणण्याआधी मातीचा सामू (pH, म्हणजे माती किती आम्ल की अल्कली) मोजा. टोमॅटोला साधारण 6 ते 6.8 सामू मानवतो. 7 च्या बराच वर गेला तर मातीत असलेलं लोहही रोपाला मिळत नाही, आणि मग दुखणं सामूचं असतं.

टोमॅटोचं बूड काळं पडतं ते फळाला कॅल्शियम न पोचल्यामुळे, पण कुंडीत त्यामागे बहुतेकदा पाण्याची अनियमितता असते. आणि पानांची टोकं जळालेली, मातीवर पांढरा थर असेल तर खत आधीच जास्त झालंय. भरपूर साधं पाणी ओतून ते खालच्या भोकातून निथळून जाऊ द्या.

कीड की विषाणू?

मिरचीची पानं आवळली की सगळ्यालाच चुरडा-मुरडा म्हणतात, उपाय मात्र वेगळे. कडा वर वळल्या असतील तर फुलकिड्यांचा (थ्रिप्स) संशय घ्या, खाली वळल्या असतील तर कोळी किडीचा (माइट). फांदीखाली पांढरा कागद धरून टिचकी मारा आणि भिंगातून बघा, ठिपके चालायला लागतात. अशा वेळी निंबोळी तेलाची फवारणी संध्याकाळी, पानाच्या खालच्या बाजूनं, आठवड्यानं पुन्हा. नंतरची पालवी स्वच्छ आली तर रोप राखा. पांढरी माशी दिसते आहे, पानं बारीक आणि खडबडीत, शेंडा आखडलेला, नवी पालवीही तशीच आली, तर तो विषाणू. त्यावर औषध नाही. शेजारची रोपं प्यारी असतील तर हे उपटा.

मूळकूज की मर?

मर म्हणजे बुरशी किंवा जिवाणूंमुळे रोप कोमेजून मरण्याचा रोग. त्यात बुरशीचा प्रकार असेल तर अनेकदा एकाच बाजूची पानं आधी पिवळी पडतात आणि खोड उभं चिरलं की आत तपकिरी रेषा दिसतात. जिवाणूजन्य मरीत रोप हिरवंगार असतानाच कोमेजतं. त्याच्या खोडाचा तुकडा स्वच्छ पाण्याच्या ग्लासात टांगा, काही मिनिटांत कापातून दुधट धार खाली उतरते. यातलं काहीही दिसलं तर रोप वाचवण्यात वेळ घालवू नका. ते कंपोस्टमध्ये टाकू नका, त्या मातीत टोमॅटो, मिरची, वांगी, बटाटा लावू नका आणि खोड कापलेली सुरी दुसऱ्या रोपाला लावण्याआधी स्पिरिटनं पुसून घ्या.