ऑइल कॅपखालचा पांढरा साका आणि इंजिनाची टकटक : शिरोलीच्या एका गॅरेजचा अनुभव

आमची जुनी टाटा ४०७ गावोगावचे दूध गोळा करून जवळच्या शीतकरण केंद्रावर पोहोचवते. ऐन पावसाळ्यात तिच्या ऑइल कॅपखाली लोण्यासारखा पांढरट साका दिसू लागला आणि त्याच सुमारास इंजिनाच्या वरच्या अंगाने टकटक सुरू झाली. नेहमीच्या मिस्त्रींनी कॅप पाहताच हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा ब्लॉक यांमधले सील; ते फाटले की पाणी ऑइलमध्ये उतरू शकते) गेल्याचे सांगितले. हेड उतरवण्याचा खर्च ऐकल्यावर दुसरे मत घेण्यासाठी गाडी कोल्हापूरजवळ शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीलगत, डिझेल इंजिनांचेच काम करणाऱ्या एका लहान गॅरेजमध्ये नेली.

तेथील मिस्त्रींनी पाना हातात घेण्याआधी गाडी एका दमात किती चालते आणि रेडिएटरमध्ये पाणी घालावे लागते का, हे विचारले. पाणी कमी होत नव्हते. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी त्यांनी ऑइल चेंबरचा ड्रेन नट जेमतेम सैल केला; ऑइलमध्ये पाणी उतरले असेल, तर ते जड असल्याने तळाशी बसते आणि आधी तेच बाहेर येते. आले ते निव्वळ काळे ऑइल. थंड इंजिन रेडिएटरचे झाकण काढून सुरू केले, तेव्हा फाटक्या गॅस्केटमधून पाण्यात शिरणाऱ्या वायूचे बुडबुडेही दिसले नाहीत. मग त्यांनी थर्मोस्टॅटचे (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारे पाणी अडवणाऱ्या झडपेचे) घर उघडले, तर ते रिकामे! गाडी तापू नये म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची खोड आपल्याकडे जुनीच आहे. त्यामुळे आणि थांबत-थांबत होणाऱ्या छोट्या फेऱ्यांमुळे इंजिन पुरेसे तापत नव्हते, आतली वाफ बाहेर न पडता थंड कॅपखाली ऑइलशी घुसळली जात होती, आणि ती वाफ बाहेर सोडणारा ब्रीदर पाइपही त्याच साक्याने अर्धा तुंबला होता.

आवाजाचा याच्याशी संबंध जोडण्याची घाई त्यांनी केली नाही, हे मला विशेष वाटले. इंजिन चालू ठेवून त्यांनी नोझलच्या (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागाच्या) पाइपांचे नट एकेक करून सैल केले. बेअरिंग किंवा नोझल ठोकत असते, तर त्या सिलिंडरचे डिझेल तुटताच आवाज बदलला असता. तो तसाच राहिल्यावर टॅपेट कव्हर काढून फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) गाळे, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्यांना दाबणारे रॉकर यांमधल्या फटी, तपासले. बरेच वाढलेले होते. एका रॉकरच्या टोकाला खड्डा पडल्यामुळे गाळा बसवूनही तेथे बारीक टिकटिक उरली आहे आणि तो रॉकर बदलावा लागेल, हे त्यांनी आपणहून सांगितले.

नवा थर्मोस्टॅट, ब्रीदरची सफाई, ऑइल-फिल्टर आणि टॅपेट सेटिंग यांचे बिल हेडकामाच्या अंदाजापुढे किरकोळ होते, मात्र ते साध्या चिठ्ठीवर मिळाले. फोनवर कामाची खबर मिळत नाही, आणि पावसात आवारात चिखल असतो. इलेक्ट्रॉनिक बिघाड वाचणारा स्कॅनर नसल्याने २०२० नंतरच्या बीएस-६ (नव्या प्रदूषण मानकाच्या) गाड्या येथे नेण्यात अर्थ नाही.