डिस्क जोडली, पण /डेव्ह मध्ये फाइल नाही: ट्रिगर, रीस्कॅन की एमकेनॉड?

लिनक्सवर एक्स्टर्नल डिस्कचा दिवा लागलाय, पण डिव्हाइस फाइलींच्या /डेव्ह फोल्डरमध्ये तिची एसडीबी ही फाइल नाही. आधी /प्रॉक/पार्टिशन्स, म्हणजे कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) दिसणाऱ्या डिस्कची यादी, उघडा. तिथेही डिस्क नसेल तर कर्नलला ती सापडलेलीच नाही. केबल, पोर्ट, वीजपुरवठा बघा. खालचे उपाय तिथे एसडीबी दिसत असेल तरच.

मग एलएस -एल /डेव्ह/एसडीबी चालवा. ओळ 'बी'ऐवजी '-' ने सुरू झाली तर ती डिव्हाइस फाइल नाहीच. डिस्क जोडलेली नसताना रूटने डीडी (डिस्कवर थेट डेटा लिहिणारा आदेश) चालवला की त्याच नावाची साधी फाइल रॅममध्ये तयार होते, कारण /डेव्ह रॅममध्येच असतं, आणि पुढे खऱ्या फाइलची जागा अडवून बसते. ती आरएमने काढून डिस्क पुन्हा जोडा. एवढं जरूर तपासाच, कारण बॅकअप तिथेच लिहिला जातोय असं वाटत राहतं आणि रीबूटनंतर हाती काहीच उरत नाही.

यूडेव्हॲडम ट्रिगर (यूडेव्ह या डिव्हाइस सांभाळणाऱ्या सेवेला तिचे नियम पुन्हा चालवायला लावणारा आदेश) निरुपद्रवी आहे, म्हणून सगळे आधी तोच सुचवतात. पण 2009 मध्ये कर्नल 2.6.32 बरोबर डेव्हटीएमपीएफएस (कर्नल स्वतः भरतो ती /डेव्ह ची फाइल सिस्टिम) आलं आणि फाइल बनवण्याचं काम कर्नलकडे गेलं. आजचा यूडेव्ह परवानग्या आणि /डेव्ह/डिस्क/बाय-यूयूआयडी मधल्या (डिस्कच्या कायम ओळख-क्रमांकाच्या) लिंका सांभाळतो. लिंका गेल्या असतील तर ट्रिगरच वापरा. मूळ फाइल उडाली असेल तर ती त्याने परत येत नाही.

एसडीबी आहे, फक्त एसडीबी1 (तिचं पहिलं पार्टिशन) नाही? कर्नलला पार्टिशनची माहिती नव्याने देणारा पार्टप्रोब पुरे.

एसडीबीच नसेल तर माझी पसंती रीस्कॅनला, म्हणजे कर्नलला डिस्क नव्याने शोधायला लावण्याला. डिस्क अनमाउंट करून काढा, पुन्हा लावा. मशीन दूर असेल तर /सिस/ब्लॉक/एसडीबी/डिव्हाइस/डिलीट मध्ये 1 लिहून स्कझी होस्टच्या (डिस्क ज्या कंट्रोलरवर आहे त्याच्या) स्कॅन फाइलमध्ये '- - -', म्हणजे 'सगळं शोध', लिहा. नाव बदलून एसडीसी होऊ शकतं, पण फाइल कर्नलने बनवलेली असते आणि परवानग्या नीट येतात.

एमकेनॉड, म्हणजे हाताने डिव्हाइस फाइल बनवणारा आदेश, सर्वांत झटपट आणि सर्वांत धोक्याचा. फाइल कोणत्या डिस्कची हे मेजर आणि मायनर या दोन आकड्यांनी ठरतं: एसडीबीसाठी मेजर 8, मायनर 16. एसडीबी1 साठी 17. 16 ऐवजी 0 टाकला तर एसडीबी नावाची फाइल थेट एसडीए उघडते, आणि ती बहुधा आतली डिस्क असते. आकडे पाठ असले तरी /सिस/ब्लॉक/एसडीबी/डेव्ह मधूनच घ्या. हाताने बनवलेली फाइल डिस्क काढल्यावरही कर्नल पुसत नाही. डेव्हटीएमपीएफएस नसलेल्या सीएचरूटमध्ये (दुसरं फोल्डर रूट मानून चालणाऱ्या वातावरणात) मात्र हा मार्ग उपयोगी पडतो. काम झालं की फाइल काढून टाका.