फोर्ट नायगारा की फोर्ट जॉर्ज? कॅमेरा घेऊन निघालेल्यांसाठी

नायगारा धबधबा पाहून झाला, गाडी हाताशी आहे आणि एक दिवस मोकळा आहे. मग नदीच्या कडेने खाली जा. नदी ऑन्टारिओ सरोवराला मिळते तिथे दोन काठांवर दोन किल्ले आहेत. पूर्वेला अमेरिकेतल्या यंग्जटाउनचा ओल्ड फोर्ट नायगारा, पश्चिमेला कॅनडातल्या नायगारा-ऑन-द-लेकचा फोर्ट जॉर्ज. दोन्हीकडे जुन्या गणवेशातले शिपाई (म्हणजे जुना काळ उभा करून दाखवणारी आजची माणसं) दिसतात आणि ठासणीच्या बंदुकांचे बार निघतात. सरळ रेषेत अंतर दीड किलोमीटरही भरणार नाही, पण मध्ये सरहद्द आहे. पलीकडे जायचं तर लुइस्टन-क्वीन्स्टन पुलावरून, पासपोर्ट दाखवत, वळसा घालून.

म्हणून पहिला निवाडा कॅमेरा करत नाही, व्हिसा करतो. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसावर आलेल्या भारतीय पासपोर्टधारकाला कॅनडाचा वेगळा व्हिसा लागतो. मुलाकडे आलेल्या आईबाबांना घेऊन निघाला असाल आणि तो व्हिसा नसेल, तर फोर्ट नायगारा गाठा. ग्रीनकार्ड असणाऱ्यांना पासपोर्ट आणि कार्डावर पलीकडे जाता येतं. पुढची तुलना ज्यांना दोन्ही दारं उघडी आहेत त्यांच्यासाठी.

वास्तू म्हणून दोघांची बरोबरीच नाही. फोर्ट नायगाराचं मुख्य दगडी घर, ज्याला ‘फ्रेंच कॅसल’ म्हणतात, ते 1726 सालचं आहे. इथल्या इरोक्वॉ या मूलनिवासी लोकांना आपल्या मुलखात किल्ला नको होता. फ्रेंचांनी मग वरून व्यापाऱ्याचा वाडा वाटावा असं घर बांधलं आणि आत शिबंदी, दारूगोळा, विहीर सगळं बसवलं. 1759 मध्ये, म्हणजे आपल्या पानिपताच्या दोन वर्षं आधी, इंग्रजांनी वेढा घालून तो घेतला. 1796 मध्ये तो अमेरिकेकडे आला, डिसेंबर 1813 मध्ये ब्रिटन-अमेरिका युद्धात इंग्रजांनी रात्री छापा घालून परत मिळवला आणि 1815 मध्ये तहानुसार सोडला. फ्रेंच, ब्रिटिश आणि अमेरिकन असे तीन झेंडे तिथे एकत्र फडकतात ते त्यामुळे.

फोर्ट जॉर्जचा जन्मच या हस्तांतरातून झाला. 1796 मध्ये पलीकडचा किल्ला सोडावा लागल्यावर इंग्रजांनी कॅनडाच्या काठावर हा उभारला: मातीचे बुरूज, भोवती लाकडी मेढेकोट, आत जाड ओंडक्यांची ब्लॉकहाउस, म्हणजे लढाऊ बांधणीची भक्कम घरं. मे 1813 मध्ये अमेरिकन तोफांनी त्याची राख केली. आज दिसतं त्यातलं बहुतेक 1930च्या दशकाच्या अखेरीस नव्याने बांधलेलं आहे. दगडी दारूकोठार तेवढं 1796चं, मूळचं. त्यामुळे जुन्या दगडाचा पोत आणि खिडकीतून तिरपा आत येणारा उजेड टिपायचा असेल, तर फोर्ट नायगाराला पर्याय नाही.

माणसांच्या बाबतीत मात्र पारडं फिरतं, आणि तुम्ही कोणत्या दिवशी जाता यावर ते ठरतं. फोर्ट जॉर्ज पार्क्स कॅनडा या सरकारी खात्याच्या ताब्यात आहे. उन्हाळ्याच्या हंगामात तिथे लाल कोटातले शिपाई रोज दिसतात: कवायत, बंदुकांचं प्रात्यक्षिक, 41व्या रेजिमेंटच्या नावाचं बासरी-ढोलाचं पथक. मेळाव्याची तारीख गाठायची गरज नाही. गर्दी बेताची असते आणि पुढच्या रांगेत जागा मिळते. लहान मुलं सोबत असतील तर मी डोळे मिटून इकडे पाठवेन.

फोर्ट नायगारा साध्या दिवशीही निराश करत नाही, बंदुकीचे बार तिथेही होतात. पण त्याचा खरा दिवस जुलैच्या सुरुवातीला असतो, फ्रेंच-इंग्रज युद्धाच्या मोठ्या छावणीच्या वेळी. हौशी मंडळी स्वतः शिवलेले किंवा शिवून घेतलेले कपडे घालून, बायकामुलांसह राहुट्या ठोकून राहतात. शिपाई तर आहेतच, शिवाय बाजारबुणगे आहेत: चुलीवर हंडा चढवणाऱ्या बाया, सामान मांडून बसलेले विक्रेते, गवतावर लोळणारी पोरं. लढाईच्या प्रयोगावर सगळे कॅमेरे तुटून पडतात, पण चांगले फोटो त्याच्या आधीच्या तासात राहुट्यांत मिळतात. कोणी सुईने बटण टाचतोय, कोणी चकमकीचा दगड बदलतोय. जवळून चेहरा टिपायचा असेल तर आधी विचारा. मूलनिवासी पोशाखातल्या माणसांना तर नक्कीच, कारण त्यांच्यातल्या कोणासाठी ते घरचं वस्त्र असू शकतं.

आता बार. चाप ओढला की चकमक पोलादावर आपटते, ठिणगीने बंदुकीच्या कानातली रंजक (पेटवणीची चिमूटभर दारू) पेटते आणि निमिषभराने नळीतली दारू. म्हणजे भडका दोनदा: आधी शिपायाच्या गालाजवळ, मग नळीच्या तोंडाशी. हुकूम ऐकून बोट दाबलं तर हाती फक्त धूर लागतो. बंदुका खांद्याला लागताच बर्स्ट, म्हणजे सलग फोटो, सुरू करा. आणि शटर फार वेगवान ठेवू नका. एक हजारांशावर सेकंदाला दहा फ्रेम घेतल्या तरी त्या सेकंदाचा शंभरावा भागच कॅमेरा पाहतो. ज्वाळा मधल्या फटीतून निसटते. 1/60 ते 1/125 सेकंद बरं, कडक उन्हात त्यासाठी उजेड कमी करणारा एनडी फिल्टर लागेल. फोनवाल्यांनी सरळ व्हिडिओ घ्यावा आणि त्यातली फ्रेम काढावी, त्यात कमीपणा नाही.

ज्वाळा उठून दिसते गडद पार्श्वभूमीवर. फोर्ट जॉर्जचा काळपट लाकडी मेढेकोट इथे कामाला येतो. फोर्ट नायगाराला मागे फिका दगड, नाहीतर आभाळ आणि सरोवर. हवा स्वच्छ असेल तर क्षितिजावर टोरोंटोच्या इमारतीही. अठराव्या शतकातल्या शिपायाच्या टोपीमागे सीएन टॉवर उगवला की फोटो गेलाच. थोडं उंचावर चढून कॅमेरा खाली रोखला की ही भानगड मिटते.

रंगांचाही फरक आहे. फ्रेंचांचे पांढरट कोट उन्हात फोटोत नुसते पांढरेफटक होतात, एक्स्पोजर थोडं खाली ओढावं लागतं. इंग्रजी लाल रंग उलटा दगा देतो: पडद्यावर उजेड ठीक दिसतो, पण कापडाच्या सुरकुत्या जाऊन नुसता लाल गोळा उरतो. हिस्टोग्राममध्ये (कॅमेरा दाखवतो त्या उजेडाच्या आलेखात) लाल रंगाचा आलेख वेगळा पाहा.

ड्रोन घरी ठेवा. परवानगीशिवाय दोन्हीकडे बंदी आहे. हिवाळ्यात बेत असेल तर फोर्ट नायगाराचाच विचार करा, मात्र त्या मोसमातल्या वेळा आधी तपासून.

माझा कौल: जुलैची छावणी गाठता येत असेल तर फोर्ट नायगारा, बाकी उन्हाळ्यात कवायत आणि बार हवे असतील तर फोर्ट जॉर्ज. ऑगस्टमधला बासरी-ढोलाचा मेळावा मिळाला तर फारच उत्तम. दोन्ही एका दिवसात करणाऱ्यांनी सकाळी अमेरिकेकडून सुरुवात करावी. फोर्ट नायगाराचा सर्वांत देखणा बाहेरचा फोटो कॅनडातून मिळतो, नायगारा-ऑन-द-लेकच्या क्वीन्स रॉयल पार्कमधून, टेलिफोटो लावून. सूर्य पश्चिमेकडे झुकला की नदीपलीकडच्या त्या भिंतींवर समोरून ऊन पडतं. सुट्टीच्या दिवशी पुलावर गाड्यांची रांग लागते, तेव्हा जेवण उरकून लगेच निघा.