डिस्कच्या खाली १५० लिहिलेलं, काट्यावर १७३ भरली

डिस्क गोल्फच्या (गोल्फसारखाच खेळ, पण चेंडूऐवजी तबकडी टाकायची) जुन्या डिस्क घेताना मी फसले. पैसे फार मोठे गेले नाहीत हे आधीच सांगते, उगाच कोणी हळहळू नका. पण पाच महिने वाया गेले, खांदा परत धरला, आणि सगळ्यात जास्त राग याचा येतो की ते पाचही महिने मी स्वतःलाच बोल लावत होते. डिस्क गोल्फ नवीन शिकत असाल, हात स्लो असेल (म्हणजे डिस्क कमी वेगाने सुटत असेल), वय झालं असेल किंवा घरातल्या लहान मुलांसाठी हलक्या डिस्क शोधत असाल तर वाचा. बाकीच्यांना यातलं बरंच माहीत असणार.

माझा हात स्लो आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. उजव्या खांद्याला फ्रोझन शोल्डर होऊन गेलंय आणि टाकते त्याच हाताने, बॅकहँड. चांगला दिवस असला तर ४५ मीटर, नाहीतर ३५. सुरुवातीला कोणीतरी दिलेली एकच जुनी पटर (जवळून टाकायची, कमी वेगाची डिस्क) होती, तिनेच सगळं खेळायचे, आणि खरं सांगायचं तर तेव्हा मजा येत होती. मग कानावर आलं की हात स्लो असेल तर वजनाने हलकी डिस्क घ्यावी. हे खोटं नाही, पण अर्धंच आहे, आणि त्या उरलेल्या अर्ध्यावरच मला टोपी घातली गेली.

ज्यांनी विकल्या त्यांचं नाव देत नाही. जुन्या डिस्क घ्यायच्या, साफ करायच्या, पुढे विकायच्या असा त्यांचा उद्योग. खेळायला पण यायचे, स्वतः छान टाकायचे, त्यामुळे माणूस जाणकार वाटायचा. मला म्हणाले, "ताई, तुमच्या हाताला १७५ ग्रॅमची डिस्क म्हणजे दगड. मी तुम्हाला १५० वाल्या चार काढून देतो, सगळ्या लांब जाणाऱ्या, स्पीड बारा-तेरा." मी विचारलं एवढ्या स्पीडची मला झेपेल का, तर म्हणाले वजन कमी असलं की स्पीड आपोआप झेपतो. आता लिहितानाही हसू येतंय, पण तेव्हा मान डोलावली. चारही उलट्या करून दाखवल्या, खाली मार्करने १५०, १५०, १४८, १५०. कोऱ्या नव्हत्या पण चकाचक. एक नारिंगी होती, तिच्या कडेवर कुत्र्याच्या दाताच्या दोन खुणा, एक मोठी एक बारकी. ती जरा स्वस्तात लावतो म्हणाले.

मग सुरू झाले माझे पाच महिने. टाकली की डिस्क २५-३० मीटर जायची आणि तिथून जी डावीकडे वळायची ती थेट झाडीत. प्रत्येक वेळी. जोर लावला की डिस्कचं नाक, म्हणजे पुढची कड, वर व्हायचं, मग तर वीस मीटरवरच थांबून डावीकडे पडायची. मी त्या गृहस्थांना विचारलं, तर म्हणाले ताई फॉर्म चुकतोय, कंबर फिरत नाही, मनगट सैल आहे. तेही खरं असेल हो, माझा फॉर्म काही प्रदर्शनात मांडण्यासारखा नाही, पण आधीच्या फडतूस पटरने मी ४५ टाकत होते आणि या भारी ड्रायव्हरने (लांब टाकायच्या डिस्कने) ३०, एवढं गणित माझ्या डोक्यात का शिरलं नाही देव जाणे. नारिंगी डिस्क फारच डावीकडे जाते म्हणून बदलून मागितली तर लगेच बदलून दिली, वरचे थोडे पैसे घेऊन. मला वाटलं किती सज्जन माणूस.

खांदा परत दुखायला लागला तेव्हा मी खेळ सोडणारच होते. शेवटचं म्हणून एक राऊंड खेळायला गेले आणि तिथे एका बारा-तेरा वर्षांच्या मुलीने तिची डिस्क माझ्या हातात दिली, काकू ही टाकून बघा म्हणाली. लेपर्ड नावाची होती, साध्या डीएक्स प्लास्टिकची, खाली १५० लिहिलेलं. हातात घेतल्या घेतल्या कळलं. म्हणजे अक्षरशः त्याच सेकंदाला कळलं की ही डिस्क आणि माझ्या बॅगेतल्या डिस्क एका वजनाच्या असूच शकत नाहीत. टाकली, सरळ गेली, जराशी उजवीकडे कलली, परत सरळ झाली आणि शेवटी हलकेच डावीकडे बसली. पावलं मोजली, ५५ च्या आसपास. पाच महिन्यांत पहिल्यांदा डिस्क उडाली असं वाटलं, एरवी ती नुसती पडत होती.

घरी येऊन स्वयंपाकघरातला डिजिटल काटा काढला. आधी काटाच खोटा नको म्हणून मापाच्या भांड्यात २०० मिली पाणी घेऊन, भांड्याचं वजन वजा करून बघितलं, २०० च्या आसपास आलं, काटा ठीक. मग डिस्क. पहिली १७३. दुसरी १७१. नारिंगीच्या बदली आलेली निळी १७४, जिच्यावर १४८ लिहिलं होतं! चौथी १५९, तेव्हा वाटलं ही तरी जरा बरी निघाली. मग ती उलटी करून उजेडात धरली तर आतली सगळी पाटी पॉलिश पेपरने घासलेली, ओरखडे गोल गोल फिरलेले आणि मधला भाग दाबला तर डबा वाजावा तसा वाजतोय. मुद्दाम घासून वजन उतरवलेलं. अशी डिस्क पीडीजीएच्या (डिस्क गोल्फची संघटना) नियमात स्पर्धेला चालत नाही, बनून आल्यावर उड्डाण बदलेल असा फेरफार केलेली डिस्क बाद. बारीक खरवडलेलं किंवा साच्याची कड राहिलेली थोडी घासून गुळगुळीत करायला परवानगी आहे, पण हे म्हणजे सुतारकाम होतं.

आणि ते आकडे? नेलपॉलिश रिमूव्हर कापसावर घेऊन पुसले, दहा सेकंदांत गेले. पुसल्यावर एका डिस्कवर खाली जुन्या शाईची पुसट सावली दिसली, त्यात ७ स्पष्ट होता. म्हणजे आधीचं कोणाचं तरी पुसून त्यावर नवीन लिहिलेलं. बऱ्याच कंपन्या वजन मागे हाताने शाईने लिहितात, काही जण स्टिकर लावतात, त्यामुळे ते अक्षर बघून काहीच कळत नाही. कुणीही लिहू शकतं, तुम्ही पण, मी पण.

त्यांना फोन केला. आधी म्हणाले तुमचा काटा स्वस्तातला असेल. मग म्हणाले कंपनीच चुकीचं लिहिते. आता यात खरं किती ते पण सांगते, लिहिलेलं वजन एखाद-दोन ग्रॅमने इकडेतिकडे असतं, काही कंपन्या तर १७०-१७२ असा पट्टाच लिहितात, त्यावरून भांडू नका. पण २३ आणि २६ ग्रॅमचा फरक? त्यावर म्हणाले प्लास्टिक दमट हवेत पाणी पितं. इथे मी फोन ठेवला.

नंतर बसून नीट वाचलं, खेळणाऱ्या चार जणांना विचारलं आणि कळलं की मला दोनदा फसवलंय. वजनात तर फसवलंच, पण त्या डिस्क खरंच १५० च्या असत्या तरी माझ्या कामाच्या नव्हत्या. डिस्कवर चार आकडे असतात, स्पीड, ग्लाइड (किती तरंगते), टर्न (वेगात असताना किती उजवीकडे कलते), फेड (शेवटी वेग उतरला की किती डावीकडे वळते). स्पीड म्हणजे ती किती लांब जाईल हे नाही, सगळे तिथेच चुकतात. तिचे बाकीचे आकडे खरे व्हायला तुम्ही ती साधारण किती वेगाने सोडायला हवी, हे स्पीड सांगतो. उदाहरणार्थ डिस्ट्रॉयर नावाची बारा स्पीडची ड्रायव्हर घ्या, तिचे आकडे बारा, पाच, उणे एक, तीन. जोरदार हातातून सुटली तर ती थोडी उजवीकडे सरकते, लांब जाते, शेवटी डावीकडे येते (उजव्या हाताचा बॅकहँड धरून बोलतेय, डावखुऱ्यांनी उलटं वाचा). माझ्यासारखीच्या हातातून तिला तो वेग मिळतच नाही, टर्नचा भाग येतच नाही, उरतो फक्त तीनचा फेड. म्हणजे डावीकडची झाडी. लेपर्ड सहा, पाच, उणे दोन, एक, म्हणून ती माझ्या हातून सुद्धा सरळ गेली. यात डिस्ट्रॉयरचा काही दोष नाही, चांगली डिस्क आहे, फक्त माझी नाही.

शिवाय रिम. बारा स्पीडच्या डिस्कची कड साधारण २.२ सेंटिमीटर रुंद, लेपर्डसारखीची १.६ च्या आसपास. माझी बोटं लहान, त्या रुंद कडेभोवती नीट बसायचीच नाहीत, मग जास्त आवळून धरायचं, मग खांदा आखडायचा. खांद्याचं मूळ तिथेच होतं असं माझं आपलं मत, डॉक्टर नाहीये मी.

हलक्या वजनाचा फायदा होतो तो असा की तेवढ्याच ताकदीत डिस्क थोडी जास्त वेगाने सुटते. थोडीच हं. १७५ ची १५० झाली म्हणजे डिस्क १४ टक्के हलकी, पण तुमचा हात काही हलका होत नाही आणि फिरवायचा तर तोही असतो, त्यामुळे वेग १४ टक्के वाढेल अशी आशा धरू नका. तरी तेवढ्या वेगानेही टर्न जरा दिसायला लागतो, आणि दिवसभर खेळून हात दुखत नाही हा तर मोठाच फायदा. तोटा वाऱ्याचा. समोरून वारा असला की हलकी डिस्क भलतीच उजवीकडे पलटते, अशा दिवशी मी तीच पाच-सात ग्रॅम जड घेते किंवा जास्त स्टेबल, म्हणजे सहज न पलटणारी, मिडरेंज (पटर आणि ड्रायव्हरच्या मधली डिस्क) काढते आणि लांबीचा नाद सोडते. पटर मात्र हलकी करायची गरज मला वाटली नाही, १७० ची आहे, जवळून टाकायची असते, ताकद लागत नाही आणि वाऱ्यात उगाच भरकटत नाही. आता एरवी बॅगेत ती पटर, एक १६० च्या आतली मिडरेंज आणि १५० ची लेपर्ड. तीनच. पुरतात.

एक खूण आधी माहीत असती तर मी पहिल्याच दिवशी वाचले असते. रुंद कडेच्या ड्रायव्हरमध्ये प्लास्टिक जास्त असतं आणि ते सगळं कडेतच. टिकाऊ महागडं प्लास्टिक मुळातच जड, त्यामुळे बारा-तेरा स्पीडची डिस्क त्यात १५० ला उतरवणं सोपं नाही. त्यासाठी इनोव्हा कंपनीने ब्लिझार्ड नावाचं प्लास्टिक काढलं, त्यात बारीक बारीक बुडबुडे असतात, उजेडात धरली की दिसतात. माझ्या डिस्क काचेसारख्या नितळ, एक बुडबुडा नाही, आणि म्हणे १५०. कोणी अशी नितळ, रुंद कडेची, अतिहलकी डिस्क दाखवली तर आधी काटा मागा. फोटोवरून घेत असाल तर काट्यावर ठेवलेल्या डिस्कचा फोटो मागा, आकडा दिसतोय असा, आणि काटा शून्यावर असल्याचा पण एक. खरा विकणारा दोन मिनिटांत पाठवतो. आढेवेढे घेतले की राहू द्या.

उलटी फसवणूक पण चालते. माझ्या ओळखीच्या एका मुलाला "स्पेशल हेवी" म्हणून १८० ग्रॅमची ड्रायव्हर गळ्यात मारलेली. पीडीजीएचा नियम असा की व्यासाच्या दर सेंटिमीटरला ८.३ ग्रॅमच्या वर वजन चालत नाही. ड्रायव्हरचा व्यास साधारण २१.१, गुणून बघा, १७५ च्या जरासं वर येतं. म्हणजे १८० ची ड्रायव्हर एकतर स्पर्धेत बाद किंवा आकडा खोटा. वजन केलं तर १७२! जड नव्हतीच. २१.७ व्यासाची मिडरेंज असेल तर १८० बसतात, ते वेगळं. घरच्या पट्टीने व्यास मोजता येतो, एवढं तरी करा.

पैसे परत मिळाले नाहीत. दोनदा मागितले, तिसऱ्यांदा फोन उचलला नाही. ती घासलेली डिस्क मी कापून टाकली, पुढे कोणाच्या हातात जायला नको म्हणून. बाकीच्या तीन दणदणीत हात असलेल्या एका पोराला फुकट दिल्या, देताना खाली जाड मार्करने खरं वजन लिहून, तो त्या शंभर मीटरच्या पुढे टाकतो, बघायला बरं वाटतं.

गेल्या महिन्यात एक बाई नव्याने खेळायला यायला लागल्यात, माझ्याच वयाच्या. ओळख झाली, त्यांनी हौसेने बॅग उघडून दाखवली. वर नारिंगी डिस्क होती, कडेवर दाताच्या दोन खुणा, एक मोठी एक बारकी. मी उलटी केली. खाली १४६. माझ्याकडे होती तेव्हा १५० होती, म्हणजे तेवढ्यात आणखी चार ग्रॅम उतरलेले. त्या म्हणाल्या, "छान आहे हो, पण सारखी डावीकडेच जाते, माझा फॉर्म चुकतोय म्हणतात." मी म्हटलं थांबा दोन मिनिटं, गाडीतून काटा घेऊन येते. १७२ भरली.