प्रागमध्ये पैसे बदलताना: ‘0 टक्के कमिशन’चा हिसका

प्रागला जाणाऱ्या मराठी मंडळींपैकी बरेच जण व्हिएन्नाहून रेल्वेने येतात. साधारण चार तासांचा प्रवास, आणि खिशात युरो. चेक प्रजासत्ताक 2004 पासून युरोपीय संघात आहे, पण तिथलं चलन अजून कोरुनाच. म्हणजे उतरल्या उतरल्या पैसे बदलायची गरज पडते, आणि नेमकी तिथेच माणसं टिपली जातात.

आम्हाला टिपलं त्सेलेत्ना रस्त्यावर. जुन्या प्रागचा हा राजरस्ता. 1475 साली बांधायला घेतलेल्या पावडर टॉवर या जुन्या वेशीच्या बुरुजापासून तो निघतो आणि जुन्या शहराच्या चौकात जाऊन मिळतो. राज्याभिषेकाच्या मिरवणुका इथूनच पुढे किल्ल्याकडे जात. दोन्ही बाजूंना रंगीत बरोक घरं, मध्येच 1912 ची एक क्युबिस्ट, म्हणजे कोनाकोनांच्या भौमितिक शैलीची इमारत आणि तिच्या कोपऱ्यावर सोनेरी पिंजऱ्यात ठेवलेली काळ्या मेरीची मूर्ती. मान वर करून चालावं असा रस्ता आहे. खाली मात्र क्रिस्टलची दुकानं, मॅग्नेट, आणि ‘एक्सचेंज’च्या पाट्या.

आम्ही गेलो त्या दुकानाबाहेर भलंमोठं लिहिलं होतं, 0 टक्के कमिशन. ते खरंच होतं, कमिशन एक पैसाही घेतलं नाही. खाल्लं ते दरात. बाजारात एका युरोला 25 कोरुनांच्या आसपास मिळत होते, या बाबाने 17 ने दिले. दराचा तक्ता काचेआड, बारीक अक्षरात, आणि मागे रांग. 300 युरोंचे साडेसात हजार कोरुना यायला हवे होते, हातात आले 5100. आपल्या पैशात नऊ हजारांच्या आसपासचा फटका. सासूबाई शेजारीच होत्या. मी नोटा मोजत कुरकुरले तर म्हणाल्या, “अगं, पावती दिलीय ना त्याने? मग चोर कसा असेल?”

खरी मेख तीच आहे. दर लावलेला, पावती दिलेली, सगळं कागदोपत्री स्वच्छ. पोलिसांकडे गेलात तर तेही पावतीच बघणार.

जेवताना वेटरने पावती पाहिली आणि कपाळावर हात मारला. त्याच्याकडूनच कळलं की 1 एप्रिल 2019 पासून तिथे कायदा आहे: 1000 युरोंपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत, कारण न देता रद्द करता येतो. पावतीवर वेळ छापलेली असते. आमच्याकडे तासभर शिल्लक होता. तडक परत गेलो.

काउंटरवरच्या पोराने नाही म्हटलंच नाही. हसून म्हणाला, “मॅनेजर येतोय, दहा मिनिटं बसा.” मग, “ट्राममध्ये आहे.” मग फोनवर चेकमध्ये बराच वेळ बोलणं. नवरा चिडायला लागला तसं त्याने आम्हाला पाणीसुद्धा विचारलं! मॅनेजर काही आला नाही. तीन तास उलटले आणि त्याच पोराने पावतीवरच्या वेळेवर बोट ठेवलं, “सॉरी, आता उशीर झाला.” इतकं सराईत की रोजचंच काम असावं.

म्हणून असं कोणी ‘बसा’ म्हणालं तर बसू नका. आल्या आल्या “व्यवहार रद्द करायचाय” हे कागदावर लिहून द्या, वेळ टाका, पावतीसकट फोटो काढा आणि काउंटरवरचा माणूस तो कागद घेत नसेल तर त्याच्यासमोर व्हिडिओ सुरू करा. या दुकानांवर देखरेख चेक नॅशनल बँकेची असते, तक्रार तिथे जाते. तिचं नाव काउंटरवर मोठ्याने घ्यायलाही हरकत नाही.

आमची वादावादी चालू असताना बाहेर एक गृहस्थ घुटमळत होते. “मी चांगला दर देतो.” हे प्रकरण दुकानापेक्षा वाईट. असे लोक कोरुना म्हणून हंगेरीच्या फोरिंटच्या किंवा चलनातून बाद झालेल्या परदेशी नोटा हातात कोंबतात, आकडा मोठा असतो, किंमत जवळपास शून्य. कोरुनाच्या नोटेवर ‘चेस्का नारोद्नी बांका’, म्हणजे चेक नॅशनल बँक, असं छापलेलं असतं. 1000 च्या नोटेवर दाढीवाले इतिहासकार पलात्स्की आणि 500 च्या नोटेवर लेखिका बोझेना नेम्त्सोव्हा. पण मुळात रस्त्यावर पैसे बदलूच नका.

एटीएमचंही एक आहे. चौकाच्या आसपासची काही यंत्रं “तुमच्या चलनात रूपांतर करू का?” असं विचारतात आणि हिरवं बटण त्याच पर्यायाला असतं. तिथे नकार द्या आणि रक्कम कोरुनातच घ्या, म्हणजे हिशेब आपल्या बँकेच्या दराने होतो. चौकातल्या ठेल्यांवर भाजलेलं हॅम खाणार असाल तर पाटीवरचा दर 100 ग्रॅमचा आहे हे आधी वाचा, कापणारा सुरी सढळ हाताने चालवतो.

राहिलेले दिवस आम्ही कार्डावर काढले. ट्रामच्या तिकिटापासून कॉफीपर्यंत सगळीकडे चाललं. नोटांची गरज पडली ती एका स्वच्छतागृहाबाहेर, आणि तिथेही बाईंना सुटे हवे होते.