दुबई की बँकॉक? खान्देशातून निघणाऱ्यांसाठी अंतराचा आणि वेळेचा हिशेब

मुंबई ते दुबई हवाई अंतर सुमारे १,९३० किलोमीटर, मुंबई ते बँकॉक साधारण ३,०००. थेट विमानाने दुबईला जायला सव्वातीन तास आणि यायला जेमतेम तीन तास लागतात. बँकॉकचं उलटं आहे: जाताना सव्वाचार, येताना पावणेपाच. उंचावरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, त्यामुळे पूर्वेला जाणाऱ्या विमानाला ते मागून ढकलतात. हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो आणि हा फरक जास्त जाणवतो.

तिकिटावरच्या वेळा दोन्हीकडे स्थानिक असतात, आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते. दुबई आपल्या दीड तास मागे, बँकॉक दीड तास पुढे. पहाटे ४ वाजता मुंबई सोडलेलं विमान दुबईत तिथल्या पावणेसहाला उतरतं, म्हणजे पूर्ण दिवस हाताशी. त्याच वेळी बँकॉकला निघालात तर तिथे पावणेदहा वाजलेले असतात. इमिग्रेशन आणि सामान उरकेपर्यंत दुपार होते. येताना बँकॉकवाल्यांना तो दीड तास परत मिळतो, दुबईवाल्यांचा जातो.

पण जळगाव-भुसावळकरांचा खरा वेळ जमिनीवर जातो. जळगाव ते मुंबई रेल्वेने ४२० किलोमीटर. ठाण्याला उतरायचं धरलं तरी सहा-सात तास हवेत. दादरपर्यंत जाऊन उलटं फिरण्यापेक्षा सामान असेल तर ठाण्याहून टॅक्सी बरी, रात्री तासाभरात पोहोचते. विमानतळावर तीन तास आधी हजर राहायचं, कारण बऱ्याच कंपन्यांचा काउंटर उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतो. पावसाळ्यात कसारा घाटात गाडी अडकू शकते, म्हणून वर दोन तास राखीव ठेवा. एकूण बारा-तेरा तास झाले! त्यापुढे दुबई सव्वातीन तासांवर आहे की बँकॉक सव्वाचार, याने फार बिघडत नाही. पहाटेच्या विमानासाठी आदल्या दिवशी दुपारपूर्वीची गाडी पकडा, संध्याकाळच्या गाडीच्या भरवशावर राहू नका. तिकिटावर विमानतळाचा कोडही पाहा: बीओएम म्हणजे अंधेरीचं, एनएमआय म्हणजे नवी मुंबईचं.

नंदुरबार, तळोदा, शहाद्याकडच्यांनी आधी सुरत बघावं. नंदुरबार-सुरत रेल्वेने सुमारे १६० किलोमीटर, आणि सुरतहून दोन्ही शहरांना थेट विमानं सुरू झालेली आहेत. ती रोज असतीलच असं नाही, त्यामुळे जाण्याचा आणि येण्याचा, दोन्ही वार तपासूनच तिकीट काढा. धुळेकरांना मुंबई रस्त्याने सव्वातीनशे किलोमीटर पडते. रेल्वेच्या फेऱ्यापेक्षा रात्रीची गाडी करून थेट विमानतळ गाठणं सोपं.

दुबईला जाताना एक गोष्ट कटाक्षाने पाळा: घरचा काळा मसाला नेऊ नका. त्यात बहुतेकदा खसखस असते आणि संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे. पुडीभर सापडली तरी अटकेपर्यंत जातं. बँकॉकसाठी थायलंडचं डिजिटल आगमन कार्ड पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरावं लागतं.

सुट्टी चार दिवसांची असेल तर दुबई घ्या, पहिला दिवस वाया जात नाही. सहा दिवस मिळत असतील तर बँकॉक. मध्यरात्री तिथून निघालेलं विमान मुंबईत सव्वातीनच्या सुमारास उतरतं, आणि ठाण्याहून सकाळची गाडी धरली की दुपारी जळगाव.